एकोणतीसमधले दोन कुठून आले?

दुसरीच्या वर्गात श्रुतलेखनाला 'एकोणतीस' सांगा आणि मग पाट्यांवरून एक नजर फिरवा. बहुतेकांचं २९ बरोबर असतं. पण चार-दोन पाट्यांवर ३९ दिसतं, आणि एखादीवर ९२. ३९ लिहिणाऱ्या मुलाला आपण 'लक्ष कुठंय?' म्हणून मोकळे होतो. खरं तर त्याचं लक्ष अगदी जागेवर असतं. त्यानं 'तीस' ऐकलं आणि तिसाचा ३ लिहिला. 'एकोण'च्या शेवटी नऊ असतात हे त्याला उजळणीवरून माहीत होतं, म्हणून पुढे ९ लिहिला. 'एकोण' म्हणजे 'एक ऊन', एक कमी, हे मात्र त्याला कुणी दाखवलेलं नव्हतं.

मराठी संख्यानावं लहान मुलाची चांगलीच परीक्षा घेतात. सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी. पन्नाशीत बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न असं कधी 'वन्न' तर कधी 'पन्न'. सत्तरचं 'हत्तर' होतं, साठचं 'सष्ट'. एकोण पद्धत एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत इमानेइतबारे चालते, आणि मुलाला ती कळली असं वाटेपर्यंत ९९ ला 'नव्व्याण्णव' येऊन ती मोडते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. त्या वादात एक गोष्ट बाजूलाच राहिली. संख्या समजून घेताना 'वीस सात' हा आधार आहे आणि 'सत्तावीस' हे नाव आहे. मुलाला दोन्ही लागतं, आधार आधी आणि नाव मागून. त्या आधाराखालीही काहीतरी हवं असतं. ते म्हणजे काड्या.

काड्यांचं सामान साधं आहे, पण त्यातही चुका होतात. दोघांच्या जोडीला ७० काड्या आणि ८ रबरबँड लागतात. तीस मुलांच्या वर्गाला म्हणजे १०५० काड्या आणि १२० रबरबँड. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या सगळ्यात सोयीच्या, कारण त्या घरंगळत नाहीत. खराट्याच्या हिराचे बोटभर लांबीचे तुकडेही चालतात, फक्त टोकं बोथट करून घ्या. काडेपेटीच्या काड्या फार बारीक असतात. पहिलीच्या बोटांना दहा काड्या एकदम धरता येत नाहीत आणि गठ्ठा बांधताना दोन निसटतात. चिंचोके सुटे मोजायला उत्तम, पण दहा चिंचोके पिशवीत घातले की दिसेनासे होतात आणि मुलासाठी ती 'एक पिशवी' होऊन बसते. गठ्ठ्यातल्या काड्यांची टोकं बाहेरून मोजता येतात. म्हणून काड्याच घ्या.

तयार प्लॅस्टिकचे दशक दांडे शाळेच्या गणितपेटीत असतील, तर ते पहिले दोन-तीन आठवडे पेटीतच राहू द्या. दांडा सुटत नाही. तो बांधलेला नसतो, म्हणून मोडताही येत नाही. मुलाला तो दहा म्हणून 'मान्य करावा' लागतो. गठ्ठा त्यानं स्वतः बांधलेला असतो.

रबरबँडचं एक बघा. बारीक आणि छोटा रबर दोनदा गुंडाळावा लागतो आणि सहा वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. तो रबर ताणून सोडतो, शेजाऱ्याला लागतो आणि तास तिथेच संपतो. रुंद रबर घ्या. एक वेढा घालून, पीळ देऊन पुन्हा चढवायला पहिल्या दिवशी नुसतं शिकवा, संख्येचं नावही काढू नका. त्यात दहा-पंधरा मिनिटं गेली तरी चालतील.

आता खेळ. जोडीला एक फासा आणि मधे काड्यांचा ढीग. प्रत्येकापुढे अर्धा कागद किंवा पाटी, तिच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्या. फाशावर पडेल तितक्या काड्या उचलायच्या आणि दहा झाल्या की गठ्ठा बांधून डावीकडे सरकवायचा. ज्याचे तीन गठ्ठे आधी होतील तो जिंकला. फाशाच्या एका फेकीत सरासरी साडेतीन काड्या मिळतात, म्हणजे तिसाला पोचायला एकेकाला आठ-नऊ डाव लागतात. पहिल्यांदा वीस मिनिटं धरा, सवय झाली की दहा-बारा पुरतात. 'पाच गठ्ठे' असं ठरवलंत तर खेळ लांबतो आणि हरणारं मूल आधीच उठून जातं.

घोळ होतो तो ठरावीक जागी. सुट्या आठ आहेत, फाशावर पाच पडले. तेरा झाल्या. एक मूल तेराही काड्या एकाच रबरात कोंबतं. दुसरं दहा बांधतं आणि उरलेल्या तीन निमूटपणे ढिगात परत टाकतं, कारण त्याच्या दृष्टीनं 'गठ्ठा झाला', काम संपलं. यावर उपाय म्हणजे बांधणारा एक आणि तपासणारा दुसरा. गठ्ठा डाव्या घरात जाण्याआधी जोडीदारानं टोकं मोजायची. नऊ किंवा अकरा निघाल्या तर गठ्ठा परत. चपट्या काड्या असतील तर रबर लावण्याआधी पाच-पाचच्या दोन चळती शेजारी लावायला सांगा. एक चळत मोजून पाचाची केली आणि दुसरी तिच्याएवढी उंच दिसली की दहा झाल्याच. वर्ग फिरून शिक्षकानं तपासण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं होतं.

दुसरी खोड आपली, मुलांची नाही. मुलांच्या समोर बसून आपण काड्या मांडून दाखवतो तेव्हा आपलं डावं त्यांचं उजवं असतं. त्यांना गठ्ठे उजवीकडे दिसतात आणि मग सत्तावीसला ७२ येतं. मांडून दाखवताना मुलांच्याच बाजूला, त्यांच्याकडे पाठ करून बसा. मुलं गोलात बसली असतील तर प्रत्येकाची पाटी वेगळी हवी. मधे ठेवलेली एक पाटी निम्म्या मुलांना उलटी दिसते.

आठवडाभर हा खेळ झाला की तो उलटा खेळायचा. प्रत्येकाकडे तीन गठ्ठे, सुटी एकही नाही. फाशावर चार पडले, तर चार काड्या ढिगात द्यायच्या. कुठून देणार? मुलं इथे थबकतात. काही जण शेजाऱ्याकडे बघतात. काही हुशार मुलं अख्खा गठ्ठा ढिगात टाकून सहा सुट्या परत घेतात. हिशोब बरोबर आहे, तरी सुरुवातीला हे चालवून घेऊ नका. रबर काढायलाच लावा. पुढे हातच्याच्या वजाबाकीत आपण जो दशक सुटा करतो तो म्हणजे हाच रबर. तो स्वतःच्या हातानं काढलेला असला, की दशकाच्या घरातला अंक खोडून वर एक कमी का लिहायचा, हे वेगळं समजवावं लागत नाही.

मांडणी झाली की मोजणी. दोन गठ्ठे आणि सात सुट्या पुढे ठेवून 'किती?' विचारा. एक जण नऊ म्हणतो, त्यानं वस्तू मोजल्या. एक जण रबर काढून एकपासून सगळ्या मोजतो. एक जण 'दहा, वीस, तीस, चाळीस...' करत नव्वदला पोचतो, गठ्ठ्यांवरून सुट्यांवर येताना त्याची गाडी बदललीच नाही. एक जण 'दहा, वीस, एकवीस, बावीस' असं नीट मोजतो. नऊवाल्याला 'दशक म्हणजे दहा' हे सांगून काही होत नाही, त्याला हा गठ्ठा आहे 'कितीचा' एवढंच विचारा. रबर काढणाऱ्याला अडवू नका. त्याला खात्री करून घ्यायची आहे, आणि दर वेळी सोडून मोजायचा कंटाळा आला की तो आपोआप थांबतो. नव्वदवाल्यासाठी हातांची खूण उपयोगी पडते. गठ्ठ्याला दोन्ही पंजे उघडे, सुटीला एकच बोट. पंजे मिटून बोट वर करताना जी क्षणभर उसंत मिळते, तेवढीच त्याला हवी असते.

नावं इथपर्यंत 'वीस सात', 'तीस चार' अशीच ठेवा. मग 'याला सत्तावीस म्हणतात' असं मांडलेल्या काड्यांकडे बोट दाखवून सांगा. सुरुवात वीस आणि तीसच्या घरापासून केलेली बरी. पुस्तकात अकरा ते एकोणीस आधी येतात, पण बारा, पंधरा, सोळा या शब्दांत 'दहा' कानाला लागतच नाही. बावीस, पंचवीसमधला 'वीस' निदान ऐकू येतो. श्रुतलेखनाचा क्रमही बदला: आधी ऐक, मग मांड, मग लिही. काही मुलं सत्तावीस ऐकल्यावर आधी ७ लिहितात आणि मग त्याच्या डावीकडे २ बसवतात. उत्तर बरोबर दिसतं म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. 'एकशे सत्तावीस' आलं की हेच मूल १, मग ७ लिहितं आणि अडकतं. उत्तर तपासताना पाटीबरोबर हातही बघा.

त्रेसष्टला ३६ आलं तर मात्र घाई करू नका. ३ आणि ६ ही एकमेकांची आरशातली रूपं, छत्तीसचा आकडा म्हणतात तो त्यांनी पाठीला पाठ लावल्यामुळेच. मूल क्रम चुकलंय की अंकाचं तोंड, हे या जोडीवरून कळत नाही. त्याला सत्तावीस, पंचेचाळीस असे दोन-तीन शब्द देऊन बघा. तिथेही उलटं आलं तर क्रमाचा घोळ.

आणि एकोणतीस. तीन गठ्ठे मांडा. 'तीस.' तिसऱ्या गठ्ठ्यातून एक काडी ओढून घ्या. रबर सैल पडतो. विचारा, 'आता हा गठ्ठा आहे का?' नाही, त्यात नऊच आहेत. मग त्याला डाव्या घरात राहता येणार नाही. रबर काढून त्या नऊ काड्या उजवीकडे सरकवायच्या. डावीकडे उरले दोन. तीसला एक कमी, म्हणून नाव तिसाचं आणि लिहिताना दोन. हे फळ्यावर शंभरदा लिहून जितकं कळत नाही तितकं ती एक काडी ओढून कळतं. एकोणचाळीस आणि एकोणपन्नास मुलांनाच करू द्या. एकोणसाठ आणि एकोणसत्तर ही जोडी कानाला सारखी लागते, म्हणून ती एकाच दिवशी, शेजारी-शेजारी मांडून घ्या. त्यासाठी दोन-तीन जोड्यांच्या काड्या एकत्र कराव्या लागतील.

वीस सात ऐकून २०७ लिहिणाऱ्यांसाठी कार्डं करा. दशकाचं कार्ड १० सेंमी रुंद, एककाचं बरोबर अर्धं, ५ सेंमी. उंची दोन्हींची ६. दशकाची नऊ, एककांची नऊ. २० च्या कार्डावर ७ चं कार्ड उजव्या कडेला कड जुळवून ठेवलं की शून्य झाकतं आणि २७ दिसतं. सात उचललं की खाली शून्य तसंच असतं. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद याला छान. पातळ कागदातून शून्य दिसतं आणि सगळं मुसळ केरात. अंकही आपापल्या अर्ध्या भागाच्या मधोमध काढा, नाहीतर शून्याची कड सातच्या बाहेर डोकावते.

निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-लेखन आणि गणिताच्या अभियानाच्या लक्ष्यांनुसार पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता यायला हव्यात, म्हणून उजळणी घोकून घेण्याची घाई होते. उजळणीला माझा विरोध नाही. क्रम तिच्यातूनच पक्का होतो. पण कोण नुसतं म्हणतंय आणि कुणाला कळलंय, हे तिच्यातून दिसत नाही.

ते बघायला एका मुलामागे एक मिनिट पुरतं. सोळा सुट्या काड्या पुढे ठेवा, गठ्ठा नको. मोजून घ्या, १६ लिहायला सांगा. ६ भोवती गोल करून विचारा, 'एवढ्या काड्या दाखव.' सहा काड्या बाजूला येतात. आता १ भोवती गोल करा, तोच प्रश्न. बरीच मुलं एक काडी उचलून देतात. नऊ काड्या तशाच पडलेल्या असतात आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. 'मग या कशाच्या?' एवढंच विचारून थांबा, उत्तर सांगू नका. काही मुलं तिथल्या तिथे ती एक काडी नऊंमध्ये परत ठेवतात आणि रबर मागतात. जी मागत नाहीत, त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा फासा आणि ढीग द्या, आणि या वेळी खेळ सुलटाच.