कार्डावरचं कारण

मी ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्यांच्या) कंपनीत सुपरवायझर आहे, यवतमाळ जिल्ह्यातली बत्तीस शेड माझ्याकडे. लोकांना वाटतं आम्ही कोंबड्या मोजतो. खरं काम म्हणजे शेडमध्ये अंथरलेलं तूस हुंगणं (डोळे चुरचुरले की समजायचं, रात्री पडदे उघडलेच नाहीत), पिल्लांनी खाल्लं का ते बघायला गळ्याखालची पिशवी चाचपणं, आणि शेतकऱ्याला "उद्या गाडी येते" म्हणून सांगणं.

मागच्या मे महिन्यात घाटंजीकडच्या एका शेडवर हे शेवटचं काम मी सलग चार दिवस केलं. ३,००० पक्षी, ३८ दिवस पुरे, वजन दोन किलोच्या वर. उचलायलाच हवे होते. पण भाव उतरला होता, व्यापारी माल घेईनात, आणि वरून निरोप होता, थांबा. एसीत बसून थांबा म्हणणं सोपं असतं.

४२ व्या दिवशी दुपारी पावणेदोनला शेडवाल्या काकूंचा फोन. "सायेब, लाइन गेली. डीपी उडाली म्हनते. हे लाइनमनले आनाले गेले. पक्षी तोंड वासून रायले हो."

पोहोचायला चाळीस मिनिटं लागली. काकूंनी काही सोडलं नव्हतं. खाद्याची भांडी सकाळी दहालाच वर ओढली होती, कारण भर उन्हात पचनाचीही उष्णता पक्ष्याला सोसत नाही. छपरावर कापसाच्या पऱ्हाट्या, बाजूंना ओली पोती. पण फॉगर (पाण्याचे बारीक फवारे), पंखे, विहिरीवरची मोटर, सगळं विजेवर. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. त्यातही जी भारी, ती आधी जाते. चार दिवसांत चढलेलं वजनच त्यांच्या जिवावर आलं.

दाराशीच कळलं. शेडमध्ये आवाज नव्हता.

संध्याकाळपर्यंत ५४० मेले. जवळजवळ बारा क्विंटल. मे महिन्यातली काळी जमीन कुदळीला दाद देईना, म्हणून खड्ड्याला जेसीबी बोलावला. त्याचं भाडंही काकांनीच दिलं.

आता हिशेब बघा. मेलेल्या पक्ष्यांनी खाल्लेलं खाद्य शेडच्या नोंदीच्या कार्डावर राहतं, त्यांचं वजन राहत नाही. एफसीआर १.६५ च्या आसपास होता, म्हणजे किलोभर वजनाला पावणेदोन किलोहूनही कमी खाद्य. उत्तम संगोपन. एका दुपारीत तो दोनच्या पुढे गेला, आणि शेतकऱ्याला किलोमागे मिळणारी मजुरी त्याच आकड्यावर ठरते.

मीटिंगमध्ये धंदा का वाढतोय याच्या स्लाइड दाखवतात. शहरं वाढली, हातात पैसा आला, रविवारीच शिजायचं ते बुधवारीही शिजतं. खोटं नाही. पण घाटंजीत शेड उभं राहतं ते वेगळ्या कारणानं. कापूस वर्षातून एकदा पैसा दाखवतो, तोही बोंडअळीनं ठेवला तर. कोंबडी दर दोन महिन्यांनी दाखवते. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, त्यावरचं कर्ज, वीज, तूस आणि राबणं शेतकऱ्याचं. उन्हाळाही त्याचाच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये खाद्य महागलं म्हणून केंद्रानं १२ लाख टन जीएम (जनुकबदल केलेल्या) सोयापेंड आयातीला परवानगी दिली, तेव्हा आमच्या ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटलं. याच काकांनी मात्र मला अंगणात अडवलं होतं, "कोंबड्याईचं पोट भराले माह्या सोयाबीनचा भाव पाडता काय?"

कार्डावर मरतुकीच्या कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं, उष्माघात, वीज बंद, लिफ्टिंगला, म्हणजे पक्षी उचलायला, चार दिवस उशीर. रात्री फोन आला, कारण एकच लिहायचं असतं. दुसरं कार्ड भरलं. त्यावर फक्त उष्माघात आहे, सही माझी आहे. पहिलं अजून गाडीच्या डिकीत आहे.

काकू आता मला शिव्या घालतील असं धरून मी तिकडचा रस्ता पंधरा दिवस टाळला. सोळाव्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"भाऊ, चुना मारून झाला, तूसबी आनला. पिल्लं कवा टाकता?"