खाण बघायला राधानगरीच्या सड्यावर

कागद घरूनच छापून न्या, हे आधी सांगतो. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ-पठारावर, फोनला रेंज मिळत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी आणि दाजी सकाळी सहाला मोटरसायकलवर कोल्हापुरातून निघालो. हळदी, भोगावती, मग उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत राधानगरी. पन्नासेक किलोमीटरला दोन तास गेले. तिथून वर चढून एका बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) खाणीचा सडा गाठला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

कागद म्हणजे खाणीच्या पर्यावरण मंजुरीचं पत्र. केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर शोधलं की सापडतं. वरची माती वेगळी साठवा, डंपरवर ताडपत्री घाला, रस्त्यावर पाणी मारा, खणून झालेला भाग भरत पुढं सरका, अशा अटी त्यात असतात. त्या पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो.

फाटकावरच्या वॉचमननं अडवलंच. “पावणं, आत सोडत न्हाईत. कसला कागद हाय बगू?” मग त्यानंच तो निवांत वाचला आणि म्हणाला, “एवढं सगळं लिवलंय व्हय ह्यात!”

भरलेला जुना भाग बाहेरूनही दिसतो. त्यावर ऑस्ट्रेलियन बाभळी, ओळीनं. दाजी खूश, “झाडं लावल्यात की!” मला पटलं नाही. सडा म्हणजे जंगल नव्हेच. उघडा कातळ, बोटभर मातीत पावसाळ्यापुरतं उगवणारं गवत आणि फुलं, कडेला करवंदीच्या जाळ्या. सरकारी तक्त्यात झाडं मोजली जातात, कारण झाडं मोजायला सोपी. जांभ्या दगडात मुरून खाली झऱ्याला निघणारं पाणी कोण मोजणार?

म्हणून फाटकावर वेळ घालवू नका, उतारावरच्या वाडीत जा. तिथल्या आजी म्हणाल्या, “झरा हाय, पर शिमग्यापतोर टिकत न्हाई आता.” हे खाणीमुळं की बोअरमुळं, ते एका फेरीत ठरत नाही. पण नोंद करून ठेवा, आणि मे महिन्यात परत जा.

वाडीत आणखी एक विचारा: खनिज प्रतिष्ठानचा पैसा आला का? २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. ती खाणबाधित गावांसाठी असते, आणि पिण्याचं पाणी त्यात अग्रक्रमावर आहे. आम्ही विचारलं तेव्हा चौघांपैकी एकालाच हे नाव माहीत होतं.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राबद्दलच्या केंद्राच्या अधिसूचनेचा ३१ जुलै २०२४ चा मसुदाही वाचून जा. तो अंतिम झाला, तर त्या क्षेत्रातल्या चालू खाणी जास्तीत जास्त पाच वर्षांत बंद कराव्या लागतील. वाडीतली दोन पोरं डंपरवर आहेत, तेव्हा हा विषय चहा झाल्यावरच काढा.

पाणी दोन लिटर, डोक्याला टोपी. आणि डंपरच्या मागं गाडी लावू नका. दाजींचा पांढरा शर्ट अजून तांबडाच आहे.