16 महिन्यांचा ‘डावखुरा’

“आमचा डावखुराच आहे, अगदी पक्का!” बसता बसताच बाबांनी सांगून टाकलं. आजी खडू पुन्हा पुन्हा उजव्या हातात देते, ते थांबवायचं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मुलगा 16 महिन्यांचा. आईने घरच्या रेघोट्यांचे आठ-दहा कागद जपून आणले होते.

लहान मुलांच्या हातांच्या हालचाली बघणं हे माझं काम. मी ते कागद टेबलावर पसरले. रेघा वयाला साजेशा होत्या. खांद्यातून अख्खा हात हलला की उमटतात तशा, कमानीसारख्या वळलेल्या, मागेपुढे. एकच गोष्ट खटकली. प्रत्येक कागदाची उजवी बाजू जवळपास कोरी होती.

एवढ्याशा कोऱ्या जागेवरून निदान होत नाही. पण या वयाची मुलं हात बदलत राहतात. चार रेघा या हाताने, चार त्या, कधी दोन्ही हातांत एकेक खडू. कोणता हात सोयीचा, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत ठरत जातं. दीड वर्षाच्या आतच एक हात सगळं करायला लागला, तर दुसरा काय करतोय हे बघावंच लागतं.

बुटक्या टेबलावर ए-थ्री कागद ठेवून चारही कोपरे चिकटपट्टीने डकवले. कागद सरकला की लहान मूल चिडतं आणि मग हाताबद्दल काहीच कळत नाही. पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीत त्याला बसवलं. खडू मेणाचा, जाड. (पकड सुधारण्यासाठी दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा चांगला, पण तो मोठ्या मुलांना, या वयात सरळ तोंडात जातो आणि घशात अडकू शकतो.)

आधी खडू बरोबर मधोमध ठेवला. डाव्या हाताने उचलला, मुठीत धरला, गिरगटायला सुरुवात. मग उजव्या कडेला ठेवला. त्याने अख्खं अंग वळवून डावा हात पलीकडे नेला. डाव्या हातात ठोकळा दिला आणि खडू पुन्हा उजवीकडे ठेवला, तर ठोकळा टाकून डाव्यानेच खडू घेतला. तीन वेळा हेच.

तोवर उजव्या हाताची मूठ मिटलेलीच होती, अंगठा तळव्यात दुमडलेला. जोरात गिरगटताना उजवं कोपर आणखी वाकून छातीशी यायचं. मोठा चेंडू पुढे केला, दोन्ही हातांशिवाय न पेलणारा. उजवा हात आला, पण मनगटाच्या पाठीनेच टेकला.

प्रश्न त्या हाताला सवय नसण्याचा नव्हता. त्याला उघडताच येत नव्हतं. कारण मेंदूत असू शकतं, आणि ते शोधणं माझ्या कामात बसत नाही. मी बालरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली: ‘उजवी मूठ बहुतांश मिटलेली, अंगठा आत, तीनही वेळा शरीराची मध्यरेषा ओलांडून डाव्याने खडू घेतला, मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासणी लवकर व्हावी.’ नुसतं ‘उजवा हात कमी वापरतो’ असं लिहिलं, तर ‘थोडं थांबू, बघू’ होतं, आणि हाताच्या उपचारात हेच महिने सर्वांत मोलाचे.

आईला वाईट वाटलं, की इतके कागद जपूनही आपल्या लक्षात आलं नाही. लक्षात येणं सोपं नसतं. सगळे काय काढलंय ते बघतात, आणि कौतुकाने बघावंच. फक्त पंधरा दिवसांतून एकदा कागद सोडून दोन्ही हातांकडे बघा. मूल रेघांना नाव द्यायला लागतं ते बरंच पुढे, तिसऱ्या वर्षाच्या आसपास. तोवर ‘हे काय काढलंस?’ याला त्याच्याकडे उत्तर नसतं.

आजींना सांगितलं, खडू डाव्यातच राहू द्या. उजव्यात कोंबला की मूठ आणखी घट्ट होते. उजव्याला दुसरं काम द्या: मोठा चेंडू, झाकणाचा डबा, दोन्ही हातांनी ओढायचा दोर. कागद भिंतीवर, त्याच्या छातीच्या उंचीला लावा आणि उजवा तळवा हळूच उघडून त्यावर टेकवा. अंगठा ओढू नका, आधी मनगट थोडं खाली वाकवा, बोटं सैल होतात.

आजींनी तिथेच करून पाहिलं. दुसऱ्या प्रयत्नात तळवा कागदावर टेकला, चार-पाच सेकंद राहिला, आणि डाव्या हाताने तो गिरगटत राहिला.