संपाबद्दल तुमचं मत काय?

फोनवरून जनमत चाचण्या घेणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी सुपरवायझर आहे. मुलंमुली कॉल करतात आणि मी दुसरा हेडसेट लावून ती संभाषणं ऐकते. कुणी प्रश्न गाळतोय का, कुणी उत्तर सुचवतोय का, यावर लक्ष ठेवायचं. बसचालक आणि वाहकांचा संप दुसऱ्या दिवसात गेला आणि एका क्लायंटचं घाईचं काम आलं. संध्याकाळपर्यंत निकाल हवा होता. ‘फार खोलात शिरू नका, लोक संपाच्या बाजूने की विरोधात, एवढी एक ओळ मिळाली तरी पुरे.’

‘एक ओळ’ म्हटलं की माझं डोकं उठतं. अशी ओळ आयती कुठे पडलेली नसते. कुणीतरी ती बनवतं.

त्या दिवशी आमच्याच निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बस बंद म्हणजे कॉल करणारी मुलंही अडकली. आली ती कुणी पायी, कुणी ओळखीच्याच्या गाडीवर मागे बसून, कुणी दुप्पट भाडं मोजून. सगळी वैतागलेली. आणि त्यांनीच आता अनोळखी माणसांना अगदी कोऱ्या आवाजात विचारायचं होतं की, संपाबद्दल तुमचं मत काय!

पहिल्या तासातच एका मुलीचा कॉल ऐकताना मी थबकले. स्क्रिप्टमध्ये होतं, ‘संपामुळे तुमच्या रोजच्या कामांवर काही परिणाम झाला का?’ ती विचारत होती, ‘संपामुळे तुम्हाला किती त्रास झाला?’ पलीकडच्या गृहस्थांनी मिनिटभरापूर्वीच सांगितलं होतं की ते घरूनच काम करतात. पण ‘किती’ असं विचारल्यावर माणूस बिचारा आठवून आठवून त्रास शोधू लागला. शेवटी म्हणाले, कुरियर आलं नाही. त्याचा संपाशी संबंध होता की नाही कोण जाणे. मी तिला बाजूला घेतलं तर ती म्हणते, ‘मॅडम, मी जे लिहिलंय तेच वाचलं.’ खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. इतकं अंतर चालून आल्यावर कागदावरचा ‘परिणाम’ डोळ्यांना ‘त्रास’ दिसतो. तिला थोडा वेळ बसवलं, प्रश्नावली मोठ्याने वाचायला लावली आणि मग पुन्हा लाइनवर सोडलं. ते घरून काम करणारे गृहस्थ मात्र बाद केले.

प्रश्नाच्या शब्दांवर एवढी कटकट कशाला, असं नव्या मुलांना वाटतं. त्यांना मी अमेरिकेतला एक जुना प्रयोग सांगते. डोनाल्ड रग यांचा हा प्रयोग १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असं विचारलं तेव्हा ७५ टक्के लोक नको म्हणाले. त्याच भाषणांवर ‘बंदी घालावी का’ असं विचारलं तर हो म्हणणारे ५४ टक्केच निघाले. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांत प्रत्यक्षात काय फरक आहे? काहीच नाही. पण माणूस ऐकतो ते शब्द, आणि उत्तर देतो तेही शब्दांनाच.

म्हणून त्या दिवशी मी प्रश्नावलीचे दोन प्रकार केले होते. पहिल्या प्रकारात आधी गैरसोयीचे प्रश्न, मग ‘संप योग्य की अयोग्य’. दुसऱ्यात आधी चालकांच्या कामाच्या वेळा, विश्रांती आणि पगाराचे प्रश्न, मग तोच ‘योग्य की अयोग्य’. कुणाला कोणता प्रकार जाईल ते संगणक ठरवणार. क्लायंटने हे मागितलं नव्हतं. पण खर्च वाढत नव्हता, मग करायला काय हरकत?

आणखी एका शब्दावरून सकाळीच वाद झाला होता. क्लायंटकडून आलेल्या मसुद्यात ‘पगारवाढीसाठी पुकारलेला संप’ असं होतं. मी ‘पगार आणि कामाची परिस्थिती यांसाठी’ केलं. ‘एकच ना ते?’ असा पलीकडून सूर. एकच कसं? न्यूयॉर्कच्या मेट्रो आणि बस कर्मचाऱ्यांनी डिसेंबर २००५ मध्ये ऐन नाताळाच्या तोंडावर संप केला. भांडण मोठ्या प्रमाणात पेन्शनवरून होतं, आणि तेही पुढे भरती होणाऱ्यांच्या पेन्शनवरून. नव्या माणसांच्या पगारातून जास्त टक्के कापायचा प्रस्ताव होता. जी माणसं अजून कामाला लागलेलीही नाहीत त्यांच्यासाठी आधीच्यांनी गाड्या थांबवल्या. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांना संपाची मनाई असल्यामुळे युनियनला २५ लाख डॉलर दंड झाला आणि अध्यक्षांना तुरुंगात जावं लागलं. महाराष्ट्रातला एसटीचा २०२१-२२ चा संप घ्या. त्यात मुख्य मागणी महामंडळाच्या राज्य शासनातल्या विलीनीकरणाची होती. ऑक्टोबरअखेर सुरू झालेला तो संप उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिलमध्ये संपला. असल्या संपांना नुसतं ‘पगारवाढीचा संप’ म्हणायचं आणि मग लोकांना मत विचारायचं, म्हणजे उत्तर आपणच लिहून दिल्यासारखं. बरीच घासाघीस झाली, पण वाक्य बदललं.

कामाच्या परिस्थितीचे प्रश्न लिहिताना मी थोडं वाचलं होतं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती द्यावी लागते. ऐकायला फार चांगलं. पण ५० किलोमीटरपर्यंतच्या नियमित बसमार्गांना तो नियम लागूच नाही, म्हणजे शहरातली बस त्यातून वगळलेली. गर्दीत दर दोन मिनिटांनी ब्रेक मारणाऱ्याला त्या नियमाचा आधार नाही आणि मोकळ्या महामार्गावरच्याला आहे, हे मला तरी अजब वाटलं.

दुपारी एका निवृत्त बसचालकांचा नंबर लागला. आमच्या मुलाला त्यांनी धरूनच ठेवलं. कॉल लांबला की मी तोडायची खूण करते, त्या दिवशी केली नाही. ते सांगत होते, ‘लोकांना वाटतं आठ तासांची ड्युटी. अहो, सकाळच्या गर्दीला चार तास, संध्याकाळच्या गर्दीला चार तास. मधले तास ना धड घरचे, ना कामाचे. डेपोतल्या बाकड्यावर पडून राहायचं आणि कागदावर मात्र आठच तास. आणि फेरी उशिरा संपली की तो उशीर माझ्या विश्रांतीतून कापला जायचा. पुढची फेरी वेळेवरच सुटली पाहिजे.’ आमच्या मुलाने विचारलं, ‘मग काका, हा संप योग्य वाटतो का?’ ते म्हणाले, ‘नाही.’ त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. काका पुढे म्हणाले, ‘परीक्षेच्या दिवसांत करायला नको होता. आमच्या वेळी आम्ही तारीख बघून करायचो.’ फॉर्मवर ‘अयोग्य’ पडलं. दुसरं काय करणार?

असे कितीतरी. एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, बस चालू ठेवा, फक्त तिकीट घेऊ नका, म्हणजे मालकाचं नुकसान आणि आमची सोय. ही कल्पना त्याला एकट्यालाच सुचली असावी, अशा थाटात तो बोलत होता. जपानमध्ये ओकायामाच्या बसचालकांनी २०१८ मध्ये अगदी हेच केलं होतं, भाड्याच्या यंत्रावर कापड टाकून गाड्या चालवल्या होत्या. मग सगळीकडे हे का होत नाही? कारण बऱ्याच देशांत कायदा संरक्षण देतो ते काम थांबवण्याला. मालकाची गाडी चालवायची, पगार घ्यायचा आणि तिकीट मात्र फाडायचं नाही, तर त्याला बहुतेक ठिकाणी थेट गैरवर्तन म्हणतात आणि नोकरीवरून काढतात. पण हे उत्तर देणाऱ्याला समजावून सांगायची आम्हाला परवानगी नसते. आम्ही फक्त विचारायचं.

साडेतीनच्या सुमाराला एक बाई लागल्या. खाजगी नर्सिंगमधल्या रुग्णसेविका, बहुधा रात्रपाळी करून घरी आलेल्या. आवाजात झोप होती. त्यांना पहिला प्रकार गेला होता, म्हणजे आधी गैरसोय. त्यांनी तो प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. ‘परिणाम म्हणजे? काल रात्री चालत गेले, सकाळी चालत आले. उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचे पैसे कापले. काढून टाका म्हणावं सगळ्यांना, दुसरे भरा. कामाला माणसं काय कमी आहेत?’ मुलीने ‘पूर्णपणे अयोग्य’ वर टिचकी मारली. पुढचा प्रश्न आला, ‘दोन पाळ्यांच्या मध्ये कर्मचाऱ्याला पुरेशी विश्रांती मिळते असं तुम्हाला वाटतं का?’

बाई म्हणाल्या, ‘कुणाला? त्यांना की मला?’

मुलीने नियमाप्रमाणे प्रश्न पुन्हा वाचला. बाई म्हणाल्या, ‘नाही मिळत. कुणालाच नाही मिळत.’ पगार वाढावा का? ‘वाढावा की.’ त्यांच्या तक्रारी खऱ्या वाटतात का? ‘खऱ्या असणारच, उगाच कोण पगार बुडवून घरी बसेल?’ मग शेवटचा, मोकळ्या उत्तराचा प्रश्न. संप न करता कर्मचाऱ्यांनी आपल्या मागण्यांसाठी काय करायला हवं होतं?

बराच वेळ काहीच आवाज आला नाही. लाइन तुटली असं वाटून मुलीने ‘हॅलो’ केलं. बाई म्हणाल्या, ‘मला ठाऊक असतं तर मीच नसतं का केलं?’

मुलीने माईक बंद करून मला विचारलं, ‘मॅडम, हे कशात टाकू?’ यादीत चर्चा होती, न्यायालय होतं, निवेदन-मोर्चा होता, ‘इतर’ होतं आणि कोड ९९, ‘माहीत नाही’. तिचं बोट ‘इतर’वर होतं. पण ‘इतर’मध्ये काहीतरी उपाय लिहावा लागतो, आणि बाईंनी उपाय सांगितलेला नव्हता. ९९ टाक, म्हटलं. नियमाने तेच बरोबर होतं.

१९९५ च्या शेवटी फ्रान्समध्ये पेन्शनच्या सुधारणांविरुद्ध रेल्वे आणि मेट्रो कर्मचाऱ्यांनी सुमारे तीन आठवडे गाड्या बंद ठेवल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत लोक पायी आणि सायकलने कामाला जात होते, तरी मोठ्या संख्येने लोकांची सहानुभूती संपवाल्यांकडे राहिली. तिथल्या अभ्यासकांनी याचं एक कारण मांडलं. खाजगी नोकरीतल्या ज्यांना संप करणं परवडत नव्हतं, त्यांना वाटत होतं की हे लोक आपल्याही वतीने लढताहेत. आमच्या बाईंच्या मनात तेच दुखणं होतं, फक्त ते उलट बाजूने बाहेर पडलं होतं. मला संप करता येत नाही, मग त्यांनी तरी का करावा? एकाच ठिकाणाहून दोन्ही रस्ते फुटतात. कोणता माणूस कोणत्या रस्त्याला लागेल, हे त्याच्या स्वभावापेक्षा त्या सकाळी त्याचे किती पैसे कापले गेले यावर जास्त ठरत असावं, असा माझा अंदाज आहे. सिद्ध मात्र करू शकत नाही.

सहाला आकडे निघाले. दोन प्रकारांतला फरक माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता. आधी गैरसोय विचारली तिथे ‘अयोग्य’ स्पष्ट पुढे. आधी कामाच्या वेळा विचारल्या तिथे दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत, ‘योग्य’कडे किंचित झुकलेल्या. पगार वाढावा असं म्हणणारे मात्र दोन्हीकडे बहुसंख्य. म्हणजे मागणी बरोबर, संप चूक. आणि मग करायचं काय, या प्रश्नावर सगळ्यात मोठा गठ्ठा ९९ चा.

क्लायंटला मी दोन्ही तक्ते पाठवले आणि फोनवर सांगितलं की एक ओळ हवीच असेल तर ती अशी आहे: लोकांना मागण्या पटतात, पद्धत पटत नाही, आणि दुसरी पद्धत त्यांनाही सुचत नाही. पलीकडून हसू आलं. ‘मॅडम, एवढं लांब मथळ्यात बसत नाही.’ ‘माहीत नाही’ वाल्यांना वगळून टक्केवारी पुन्हा काढता येईल का, असंही विचारलं. येते. काढून दिली, पण ती कशी काढली याची तळटीपही जोडली. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते पहिल्या प्रकारातलं: ‘संपाला जनतेचा विरोध’. तळटीप जागेअभावी गेली असावी. खोटं काहीच नव्हतं, आकडा आमचाच होता.

यावर चडफडून उपयोग नसतो. मी वेगळीच मागणी केली. याच लोकांना पंधरवड्याने, बस सुरळीत झाल्यावर पुन्हा फोन करू आणि तेच प्रश्न विचारू. मत अशाच वेळी विचारलं जातं जेव्हा माणूस थांब्यावर अडकलेला असतो. संपाच्या आधी, करार रखडलेला असताना चालकांच्या वेळांबद्दल कुणी सर्व्हे काढत नाही. संपाचे परिणामही नंतरच कळतात. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या २०१४ मधल्या दोन दिवसांच्या संपावर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. नाइलाजाने दुसरा मार्ग धरलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के प्रवासी संप मिटल्यावरही त्याच नव्या मार्गाने जात राहिले, कारण तो त्यांना जास्त सोयीचा निघाला. संप चालू असताना त्यांनाच फोन केला असता तर त्यांनी काय सुनावलं असतं?

मागणी लेखी पाठवली. त्याच आठवड्यात वाटाघाटी होऊन बस सुरू झाल्या आणि क्लायंटचं उत्तर आलं: ‘विषय संपला आहे, दुसऱ्या फेरीसाठी बजेट नाही. पुढचा संप झाला की बघू.’ मी दुसऱ्या फेरीची प्रश्नावली तरीही तयार करून ठेवली आहे. शेवटच्या प्रश्नाच्या यादीत एक पर्याय वाढवला आहे, ‘मलाही हाच प्रश्न पडला आहे’. त्याला कोड कोणता द्यायचा यावरून आमच्या डेटा एन्ट्रीवाल्यांशी अजून वाद चालू आहे.