एकाच फायटरवर दोन ब्लेस

गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा पंच म्हणून डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाची सत्रे चालवणे हा माझा व्यवसाय आहे. एकाच परिणामाच्या दोन मुदती एकमेकींवर आल्या तर काय होते, हा प्रश्न त्या दिवशी ऐन लढाईत उभा राहिला. खेळ २०१४ च्या नियमांनी चालला होता. पहिल्या फेरीत एका क्लेरिकने (दैवी मंत्र टाकणाऱ्या पात्राने) फायटरवर, म्हणजे योद्ध्यावर, ब्लेस टाकला; हा मंत्र तिघांपर्यंतच्या साथीदारांच्या वाराच्या फाशात डी-४ ची, म्हणजे चार बाजूंच्या फाशाची भर घालतो आणि चौथ्या फेरीत दुसऱ्या क्लेरिकने निवडलेल्या तिघांतही तोच फायटर होता. ब्लेस जास्तीत जास्त एक मिनिट, म्हणजे सहा सेकंदांच्या १० फेऱ्या टिकतो. म्हणून मी फायटरच्या कॅरेक्टर शीटशेजारी दोन चिठ्ठ्या ठेवल्या, एकीवर ‘फेरी ११’ आणि दुसरीवर ‘फेरी १४’.

लगेच वाद सुरू झाला. एकाला दोन डी-४ मिळवायचे होते, दुसऱ्याला दोन्ही मुदतींची बेरीज हवी होती आणि तिसऱ्याच्या मते दुसऱ्या क्लेरिकची पाळीच फुकट गेली होती. नियम यांपैकी काहीच सांगत नाही. एकच मंत्र पुन्हा टाकला, तर मुदती एकत्र चालू असेपर्यंत त्यांतला सर्वांत प्रभावी तेवढा लागू होतो, आणि दोन्ही सारखेच असतील तर लाभ एकदाच मिळतो. हे बंधन मला मनापासून पटते, कारण डी-४ ची सरासरी अडीच आहे आणि वारासाठी टाकायच्या डी-२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) सरासरी पाचची भर पडू लागली, तर शत्रूच्या चिलखताला फारसा अर्थ उरत नाही. मात्र झाकला गेलेला मंत्र संपत नाही. त्याची मुदत चालूच असते.

सहाव्या फेरीत पहिल्या क्लेरिकला २६ चा फटका बसला. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्र चालू ठेवणारी एकाग्रता, टिकवायला फाशाने त्याच्या निम्मे, म्हणजे १३ हवे होते, आले ९. त्याचा ब्लेस गेला, तशी मी ‘फेरी ११’ची चिठ्ठी उचलली आणि दुसरी तिथेच राहू दिली. फायटरवर शत्रूचा बेनही होता, जो वाराच्या फाशातून डी-४ वजा करतो, आणि तो वेगळा मंत्र असल्यामुळे ब्लेसच्या जोडीने लागू होता. फायटरच्या फाशावर ९ पडले. त्यात ७ चा बोनस आणि ब्लेसचे ४ मिळवून बेनचे २ वजा केले, तेव्हा बरोबर १८ झाले. शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १८ होता, त्यामुळे वार लागला, आणि तो दुसऱ्या क्लेरिकच्या ब्लेसमुळेच लागला.

२०२४ च्या नियमांत, प्रभाव सारखा असल्यास सर्वांत अलीकडे टाकलेला मंत्र लागू होतो, असे स्पष्ट म्हटले आहे. त्या नियमांनीही या वाराचा हिशेब हाच आला असता.