माया सोडलेली शिवण

मंगळवार, रात्री

बाबांना जाऊन आज अकरा महिने झाले. सकाळी मुलाने कपाटातून निळा शर्ट काढला, अंगात घातला आणि दोन्ही हात वर करून दाखवले. काखेत ओढला जातोय, छातीवरचं बटण लागत नाही. "आजोबांनी शिवलाय, कुणाला देऊन टाकू नकोस," एवढंच बोलून शाळेत गेला. शर्ट बाबांच्या मशीनवर तसाच पडलाय.

अर्धांगवायूचा झटका येण्याआधी त्यांनी शिवलेला हा शेवटचा कपडा. नंतर उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस, सुईत दोरा ओवायलाही आईला हाक मारायचा.

या अकरा महिन्यांत लोकांनी किती सांत्वन केलं! मनापासून केलं, त्यांचे उपकारच आहेत. पण काही वाक्यं मनाला पटत नाहीत. "देवाला एक देवदूत हवा होता," असं एकीने म्हटलं. बाबा देवदूत झालेले नाहीत. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, माणूस मेल्यावर देवदूत होतो असं कुठेच नाही. माणूस माणूसच राहतो, आणि माणूस म्हणूनच उठवला जाणार आहे. दुसरं वाक्य: "आता रडायचं नाही, ते चांगल्या ठिकाणी आहेत." चांगल्या ठिकाणी आहेत हे मी मानते. पण मग रडायचं का नाही? प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला 'शोक करू नका' असं लिहिलेलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं लिहिलंय. आपला मेलेला मित्र लाजर याला आपण आता जिवंत उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. मी त्याच्यापेक्षा जास्त विश्वासू कशी होऊ?

लहानपणापासून माझ्या मनातला स्वर्ग म्हणजे वर कुठेतरी पांढरं, शांत, हात लावला तर मळेल असं काहीतरी. तिथे देह नाही, काम नाही, फक्त न संपणारं गाणं. खरं सांगायचं तर मला तिथे जायची ओढ नव्हती. नरकाची भीती होती, स्वर्गाची ओढ नव्हती. हे मी कधी कुणाला बोलले नाही. बाबांना मात्र कळलं असावं, कारण ते मला नेहमी कपड्यांच्याच गोष्टी सांगायचे.

पवित्र शास्त्र वाचताना त्यांची नजर बरोबर शिवणीवर पडायची. "पहिला शिंपी देवच," म्हणायचे. आदाम आणि हव्वेने स्वतःसाठी अंजिराची पानं शिवली, ती काही टिकणारी नव्हती. बागेतून बाहेर घालवण्याआधी देवाने त्यांच्यासाठी चामड्याचे अंगरखे केले आणि त्यांना घातले. "शिक्षा सुनावली, पण उघडं नाही पाठवलं बघ." येशूचा झगा वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला, शिवण नसलेला होता, म्हणून शिपायांनी तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या; हे वाचताना ते बोटांनी हवेतच कापड चाचपायचे. आणि रिकाम्या कबरेतला तो डोक्याचा रुमाल! तागाच्या कापडांपासून वेगळा, एका जागी गुंडाळून ठेवलेला. बाबा म्हणायचे, "लाजर बाहेर आला तेव्हा हातपाय बांधलेलेच होते, दुसऱ्यांना सोडावे लागले. त्याला ते कापड पुन्हा एकदा लागणार होतं. प्रभूला लागणार नव्हतं. काढलेला कपडा आता परत घालायचा नसतो, तेव्हाच माणूस तो असा बाजूला ठेवतो."


बुधवार, दुपारी

आईने आज अचानक विचारलं. ताटं पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. "पुनरुत्थानात लग्न करत नाहीत, लग्न करून देत नाहीत, असं प्रभूनेच सांगितलंय ना? मग हे तिथे माझे कोण?"

मला काही सुचेना. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि प्रश्न केवढासा.

मी मत्तयाचा बावीसावा अध्याय उघडून तिच्याजवळ बसले. सदूकी या यहुदी पंथाच्या लोकांनी तो प्रश्न विचारला होता अडकवण्यासाठी. एक बाई, एकामागून एक तिच्याशी लग्न करून मेलेले सात भाऊ, पुनरुत्थानात ती कुणाची बायको? सदूकी तर पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, मानतच नव्हते. येशूने त्यांना उत्तर दिलं ते आईला दिलेलं नाही, असं मला वाटलं. आणि त्याच उत्तरात तो पुढे काय म्हणतो? देव अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव आहे. तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे. नावं घेतो तो. शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या तीन माणसांची, बाप, मुलगा, नातू अशी नात्याने ओवलेली नावं. नातं पुसलं असतं तर ती ओळ अशी आली असती का?

"म्हणजे ओळखतील मला?" आई म्हणाली.

येशूची शिष्या मरीया मग्दालीया हिची गोष्ट तिला पाठ आहे, तरी पुन्हा वाचली. ती येशूच्या कबरेजवळ बागेत रडत उभी, समोर येशू, आणि तिला वाटतं हा माळी. मग तो फक्त "मरीये" म्हणतो. पुनरुत्थान झालेल्या प्रभूने तिला नावाने हाक मारली आणि त्या हाकेने तिने ओळखलं. ओळख आधी त्याच्याकडून आली.

तिथे लग्न का नाही, हे मी आईला पूर्ण समजावू शकले नाही. मला वाटतं, लग्न ज्याच्याकडे बोट दाखवत होतं तेच तिथे समोर असेल: कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लग्नाचा समारंभ, आणि सगळी मंडळी वधू. पण हे समजावणं झालं. आईला समजावणं नको होतं. तिला हवी होती हाक. बाबा तिला ज्या नावाने हाक मारायचे ते नाव आता घरात कुणीच उच्चारत नाही.

ती थोडा वेळ बसून राहिली आणि म्हणाली, "मारतील हाक." मग उठून ताटं लावायला गेली.


शुक्रवार, उशिरा

झोप नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचे, प्रकटीकरणाचे, शेवटचे दोन अध्याय वाचले, बाबांच्याच प्रतीतून. एकविसाव्यात त्यांनी शिंप्याच्या खडूने एक ओळ अधोरेखित केलीय. खडूची भुकटी अजून पानाच्या घडीत आहे.

आधी माझं वाचन कुठे चुकत होतं ते आज नीट कळलं. ते लिहिणाऱ्या योहानाने, म्हातारपणी, पात्म बेटावर, चारी बाजूंनी समुद्र असताना जे पाहिलं त्यात माणसं वर जात नाहीत. नगर खाली येतं. नवं यरुशलेम स्वर्गातून, देवापासून उतरतं, आणि वाणी होते की देवाची वस्ती माणसांबरोबर आहे. नवं आकाश आणि नवी पृथ्वी. पृथ्वी! मी इतकी वर्षं पृथ्वी गाळूनच वाचत होते.

मग आज बाबा कुठे आहेत? प्रभूजवळ. क्रुसावर शेजारी खिळलेल्या गुन्हेगाराला येशूने "आज" म्हटलं: आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. पौलालाही इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं अधिक चांगलं वाटत होतं. एवढं मला पुरतं. पण तोही शेवट नाही, तेही वाट पाहणंच आहे. मंडळीत आपण दर रविवारी उभं राहून 'देहाचे पुनरुत्थान' असं म्हणतो. ओठांनी म्हणत होते मी.

खडूची ओळ मोजमापाची आहे. देवदूत सोन्याची काठी घेऊन नगर मोजतो. लांबी, रुंदी, उंची सारखी, प्रत्येकी 12,000 स्टेडिया, म्हणजे साधारण 2,200 किलोमीटर. तट 144 हात. मोत्यांच्या वेशी, सोन्याचा रस्ता, हे सगळे सांगतात. मला त्यात फार रमता येत नाही. पण लांबी-रुंदी-उंची सारखी, यावर मी थांबले. शलमोन राजाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, पडद्याआडची सगळ्यात आतली खोली, हेही असंच होतं, वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच. तिथे फक्त मुख्य याजक, तेही वर्षातून एकदा. आता सगळं नगरच तसं. म्हणून योहानाला तिथे मंदिर दिसत नाही. पडदा नाही, आतलं-बाहेरचं नाही, वेशी कधी बंद होत नाहीत, रात्र नाही.

आणि बाबांनी खडू फिरवलाय तो त्या पुढच्या शब्दांखाली: हे माप माणसाच्या हाताचं. ते कापड मोजायचे तसं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. त्यांना ते किती आवडायचं! "माप कोण घेतो? ज्याला कपडा अंगाला बरोबर बसवायचाय तो. आणि घेतलं बघ कशाने, माणसाच्या हाताने."

त्यांच्या उजव्या अंगठ्याला कात्रीने पाडलेला खोलगट वण होता. शेवटच्या महिन्यांत मी तो हात तेल लावून चोळायची. बोटं उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. त्यांना काही जाणवायचं नाही. एकदा म्हणाले, "हा हात परत मिळेल ना गं?" मी घाईघाईने म्हटलं, "फिजिओथेरपी चालू आहे ना बाबा, मिळेल." त्यांचा प्रश्न त्या हाताबद्दल नव्हता, की होता? आज परत विचारला असता तर मी वेगळं बोलले असते.

मिळेल बाबा. पौलाने बीजाचं उदाहरण दिलंय: अशक्तपणात पेरलं जातं, सामर्थ्यात उठवलं जातं. शंका घेणाऱ्या शिष्यासमोर, थोमासमोर, उभा राहिलेला येशूचा देह तोच होता, हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. त्याने भाजलेला मासा मागून घेऊन शिष्यांसमोर खाल्ला. भूत नव्हतं ते. खुणा राहिल्या आणि वेदना गेली. म्हणून मला वाटतं, अंगठ्यावरचा वण राहील आणि बधिरपणा जाईल. हा माझा अंदाज आहे, वचन नव्हे. वचन एवढंच आहे की त्याचे दास त्याची सेवा करतील आणि त्याचं मुख पाहतील. सेवा, म्हणजे काम आहेच. शाप नाही, घामाची भाकर नाही, पण काम आहे. रिकाम्या हाताने बसवलेले बाबा माझ्याने बघवले नसते.

आणि तो त्यांच्या डोळ्यांचं सर्व पाणी पुसून टाकील. हे वाक्य मी किती अंत्यविधींत ऐकलंय. आज वाचताना हात दिसला. डोळे पुसायचे तर जवळ यावं लागतं, समोरच्याच्या गालाला हात लावावा लागतो. देवदूत पाठवून होत नाही ते. आणि पुसायला डोळे असायला हवेत, गाल असायला हवा.


रविवार, संध्याकाळी

उपासनेहून आल्यावर शर्ट हातात घेतला.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आधी तंबूचं बोलतो, हा देह म्हणजे मोडणारा तंबू, आणि तो स्वतः तंबू करणारा कारागीर. पण बोलता बोलता तो कपड्यांवर येतो. आम्ही कण्हतो, ते वस्त्र काढलं जावं म्हणून नव्हे, तर त्यावर आणखी वस्त्र घालावं म्हणून. म्हणजे जे मरणाधीन आहे ते जीवनाने गिळून टाकावं. हे बाबांचं सगळ्यात आवडतं वचन होतं. कपडा जुना झाला म्हणून देव फेकत नाही, असं ते यावरून म्हणायचे. मी तेव्हा हो हो करायची.

मुलाला शेजारी बसवलं आणि शर्ट उलटा केला. बाजूच्या शिवणीत बाबांनी चांगली दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडली होती. एवढी कुणी सोडत नाही, शर्टाला तर नाहीच. "वाढत्या अंगाचं पोर आहे," म्हणत ते कापड बेतताना मला आठवले. माप घेतलं होतं सात वर्षांच्या मुलाचं, आणि बेतलं होतं तो पुढे वाढेल त्या अंगाला.

ब्लेडने एक एक टाका कापत गेले. त्यांचे टाके बारीक, घट्ट. घाई करून चालत नाही. काखेपासून खालपर्यंत शिवण उसवली, आत दुमडलेली पट्टी अंगठ्याने उलगडून सपाट केली.

शर्ट एव्हाना धुऊन धुऊन, उन्हात वाळून फिकट झालाय. इतका की मूळचा निळा कसा होता ते मी विसरले होते. मायेच्या पट्टीला ऊन कधी लागलंच नव्हतं. ती गडद निळी निघाली.

"आई, हा याचा खरा रंग आहे?" मुलाने विचारलं, आणि पट्टीवरून बोट फिरवत राहिला.