‘गं’चा ‘रे’ करताना

मी कोल्हापूरची. आमच्याकडं बायका-पोरी सरसकट ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. माझी आई असंच बोलते, मावश्या बोलतात, शाळेतल्या आमच्या बाईसुद्धा असंच बोलायच्या आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. बारावीनंतर मी पुण्याला हॉस्टेलवर आले आणि पहिल्याच सकाळी ‘मी आंघोळ करून आलो’ म्हणाले तर रूममधल्या मुली पोट धरून हसल्या. वर्षभरात मी मुकाट ‘आले-गेले’ बोलायला लागले, आता पुण्यात ‘जाते’ आणि कोल्हापूरच्या एसटीत बसले की आपोआप ‘जातो’. आपल्या तोंडातलं क्रियापद दुसऱ्यानं दुरुस्त केलं की कसं आक्रसून जायला होतं ते मला तेव्हा थोडंसं कळलं होतं. थोडंसंच, कारण हसणाऱ्यांपैकी कुणालाच मी मुलगी आहे याबद्दल शंका नव्हती.

हे सगळं पुन्हा आठवलं ते माझ्या भाच्यामुळं. माझ्या आक्काचा थोरला. तो एकोणीस वर्षांचा होईपर्यंत आम्ही सगळे त्याला भाची, नात, ताई म्हणत होतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही, जुनं तर नाहीच नाही, आणि ही पोस्ट टाकायच्या आधी त्याला वाचायला दिली होती, त्यानं दोन वाक्यं काढायला लावली ती काढली.

2022 च्या दिवाळीच्या थोडं आधी त्याचा मेसेज आला, ‘मावशी, मी मुलगा आहे. आईला सांगायच्या आधी तुला सांगतोय.’ मी तो मेसेज किती वेळा वाचला माहीत नाही. आणि गंमत नाही, खरंच सांगते, त्यातलं ‘सांगतोय’ मला खटकलंच नाही, कारण आमच्या घरातली प्रत्येक मुलगी तसंच टाइप करते. नंतर फोनवर तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. म्हणाला, ‘मला लहानपणापासून मी जातो, मी खेळतो म्हणायला कुणीच अडवलं नाही, त्यामुळं मी बोलत असलो की मी मीच असायचो. तुम्ही बोलायला लागलात की मी मुलगी व्हायचो.’

तुम्ही बोलायला लागलात की. म्हणजे आम्ही. रोज, एकोणीस वर्षं, जेवायला हाक मारताना पण.

आता प्रोनाऊन्स म्हटलं की आपल्याला वाटतं ते इंग्रजीतलं काहीतरी, ऑफिसच्या ईमेलखाली ही, शी, दे लिहितात ते. मराठीत ‘तो’ आणि ‘ती’ हा तर सगळ्यात छोटा भाग आहे. आपल्याकडं क्रियापदाला शेपूट असतं, गेलास-गेलीस, दमलास-दमलीस, शिवाय कसा-कशी, शहाणा-शहाणी, माझा-माझी, आणि सगळ्यात वर रे आणि गं. ‘अगं, कधी आलीस, किती बारीक झालीयेस, कशी आहेस?’ एवढं प्रेमानं विचारलेलं वाक्य, पण माझ्या भाच्यासाठी दारात पाय ठेवायच्या आत चार वेळा टोचलेलं. आणि बोलणाऱ्याला पत्ताच नाही, त्याला वाटतंय आपण मायेनं चौकशी केली.

जीभ वळवायला मला वेळ लागला हे मान्य करते. मी चपात्या लाटताना एकटीच वाक्यं म्हणायचे, ‘तो आला, तो दमला असेल, काय रे, जेवलास का.’ समोर असताना जमायला लागलं तरी मागच्या गोष्टी सांगताना हमखास घसरायचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, पाणी उतरल्यावर आक्कानं दोन्ही मुलांना माझ्याकडं पुण्याला पाठवलं होतं, त्याचा विषय निघाला की मी ‘तेव्हा ती इथंच झोपायची’ असं बोलून जायचे. मला वाटायचं, तेव्हा तर आपण तीच म्हणत होतो की, मग जुन्या गोष्टीत काय बिघडलं. त्यानंच समजावलं की मावशी, तेव्हाही मीच होतो ना इथं, आपल्याला माहीत नव्हतं एवढंच. त्यानंतर मी पुराची गोष्ट पण बदलली. ‘तेव्हा तो इथंच झोपायचा, खिडकीखाली.’

एकदा पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून ‘ती’ गेलं आणि मी इतकी कावरीबावरी झाले की सॉरी सॉरी करत रडायलाच लागले, मग पाहुणे विचारायला लागले काय झालं, आणि तो बिचारा स्वतःचा चहा तसाच ठेवून माझी समजूत घालत बसला. रात्री म्हणाला, ‘चुकलीस तर नीट कर आणि पुढं बोल, मला सगळ्यांसमोर उभं करू नकोस.’ तेव्हापासून तेवढंच करते, ‘ती, तो म्हणाला’ आणि पुढचं वाक्य. दुसरं कुणी चुकलं तर मी माझ्या वाक्यात बरोबर रूप वापरते. बहुतेकांना तेवढ्यावर कळतं.

दाजींचं, म्हणजे त्याच्या बाबांचं, सगळ्यात अवघड गेलं. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत, पण त्यांनी एक वेगळंच सुरू केलं जे आम्हाला सुरुवातीला लक्षातच आलं नाही. ते त्याच्याशी ‘जेवायचं का?’, ‘कधी निघायचं?’, ‘पैसे आहेत ना?’ असंच बोलायला लागले. मराठीत अशा पळवाटा भरपूर आहेत. ‘उद्या जाशील का’ला लिंग नाही, ‘चहा घेतलास का’ मुलाला पण तेच आणि मुलीला पण तेच. सहा महिने दाजींनी एकही चुकीचं रूप वापरलं नाही आणि एकही बरोबर वापरलं नाही. भाचा मला म्हणाला, ‘बाबा माझ्याशी चुकीचं बोलत नाहीत, पण माझ्याशी बोलत पण नाहीत.’

अनोळखी माणसाशी बोलताना मात्र हीच सोय फार उपयोगाची आहे आणि ती वापरावी असं मला मनापासून वाटतं. समोरच्याचं माहीत नसेल तर अहो म्हणा, तुम्ही म्हणा. ‘तुम्ही कधी आलात’मध्ये सगळे बसतात. नंतर ओळख झाली की विचारा, तुम्हाला काय म्हणलेलं आवडेल. पण सांगितल्यावरसुद्धा त्याच आडोशाला बसून राहणं हे वेगळं, त्यात समोरच्याला कळतं की आपल्याला टाळलं जातंय.

आणि ‘ते’बद्दल लिहायलाच पाहिजे. सिग्नलला, लोकलच्या डब्यात, कुणी तृतीयपंथी दिसलं की लोक शेजारच्याला कोपर मारून म्हणतात ‘ते बघ, ते आलं’. माणूस समोर उभं आहे, त्याला ऐकू येतंय. काही जण स्वतःला बाई पण मानत नाहीत आणि पुरुष पण नाही, त्यातले काही स्वतःसाठी ‘ते’ वापरतात, तिथं ‘ते आले’ असं आदरानं म्हणायचं. आलं आणि आले, लिहिताना एका टिंबाचा आणि एका मात्रेचा फरक, आणि त्यातून समोरच्याला कळतं की तुम्ही त्याला वस्तू समजताय की माणूस.

आमची आई, म्हणजे त्याची आजी, तिनं ‘ते’च धरलं पण लाडाचं, ‘आलं का माझं लेकरू, जेवलं का’. तिला हे सगळं एवढं सहज कसं जमलं असं मला वाटायचं, मग आठवलं की ती आम्हाला लहानपणी ओढ्यावरच्या यल्लम्माच्या आंबील यात्रेला न्यायची. तिथं हिरवी साडी, कपाळभर भंडारा, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवट्याची टोपली, घेतलेले जोगते, म्हणजे देवीला सोडलेले पुरुष, असायचे आणि आई त्यांच्या पाया पडून ‘आई, लेकरांवर लक्ष असू दे’ म्हणायची. दाढीच्या खुणा दिसत असायच्या तरी ‘आई’च म्हणायची. माझा भाचा काही जोगता नाही, त्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, आणि ज्यांच्या पाया पडायचं त्यांनाच दुसऱ्या दिवशी बाजारात हिणवायचं हे पण मी त्याच गावात बघितलंय. पण हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे असं कुणी म्हणलं की मला ती यात्रा आठवते. समोरचा स्वतःला जे म्हणवतो ते म्हणायची सवय माझ्या चौथी शिकलेल्या आईला कुठल्या ईमेलवरून लागली नव्हती.

कायद्यातही हे आलेलं आहे. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) केसच्या निकालात सांगितलं की आपण बाई, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला आहे. त्या केसमध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी पण कोर्टात गेल्या होत्या. 2021 च्या जानेवारीत जळगावच्या भादलीत तृतीयपंथी असलेल्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज महिलांच्या वॉर्डातून भरला म्हणून नाकारला, त्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टानं त्यांना बाई म्हणून लढायची परवानगी दिली आणि त्या निवडून पण आल्या. ‘बाई म्हणून’ या दोन शब्दांसाठी एका माणसाला गावातून हायकोर्टापर्यंत जावं लागलं.

2019 च्या कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं सर्टिफिकेट मिळवायला भाच्यानं 2023 ला पोर्टलवर अर्ज केला, ॲफिडेव्हिट दिलं, ते हातात आलं. पण त्यानंतर आधार, पॅन, मार्कशीट, बँक, प्रत्येक ठिकाणी वेगळी रांग. बँकेत मी त्याच्यासोबत होते. हॉल माणसांनी भरलेला, काउंटरवरच्या माणसानं जुन्या कागदावरचं नाव मोठ्यानं पुकारलं, हा दाढी फुटलेला पोरगा उठून पुढं गेला, सगळ्या माना वळल्या, आणि तो माणूस म्हणाला, ‘तुम्ही नाही, ज्यांचं खातं आहे त्यांना पाठवा.’ त्यानं सर्टिफिकेट दाखवलं तर परत तेच नाव घेऊन, तसंच मोठ्यानं, चार प्रश्न विचारले. तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमनी डिपॉझिट स्लिपच्या मागं काहीतरी लिहून ती स्लिप काचेखालून सरकवली. त्यावर लिहिलं होतं, ‘हाक कुठल्या नावानं मारू?’ यानं खाली नाव लिहिलं. पुढची पंधरा मिनिटं त्या बाईंनी त्याचं काम करताना ते नाव सहा-सात वेळा तरी घेतलं असेल, गरज नसताना सुद्धा, ‘हं, इथं सही कर बरं’ म्हणून पुढं नाव. ती स्लिप त्याच्या पाकिटात आहे.

दाजींचं सांगायचं राहिलं. भाच्याला पुण्यात नोकरी लागली, एका रविवारी तो कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीनं निघाला, सातारच्या पुढं ट्रॅफिक लागलं, गाडी स्वारगेटला पोचायला दोन वाजले. मी जागीच होते. तो घरी आला आणि बॅग पण खाली न ठेवता म्हणाला, ‘मावशी, बाबांचा फोन आला होता.’ मला वाटलं काहीतरी वाईट बातमी. म्हणाला, ‘पोचलास का, असं विचारलं.’ एवढंच. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभं राहून तीन वाजता पोहे खाल्ले.

भाऊबीजेला आधी तो ताई म्हणून धाकट्याला ओवाळायचा. मागच्या वर्षी माझ्या लेकीनं दोघांना ओवाळलं, दोन पाट मांडले होते, धाकटा आधी बसायला लागला तर आई म्हणाली, थोरल्याला आधी बसू दे.

आत्ता मे महिन्यात आमच्या दादाच्या मुलीचं लग्न आहे. पत्रिका छापायला दिलीय, खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ आणि त्याखाली सगळ्या पोरांची नावं, चि. आणि कु. लावून. प्रेसवाल्याकडं घरातल्या मागच्या लग्नाची यादी होती, त्यानं तीच उचलून टाकली, त्यामुळं प्रूफमध्ये भाच्याचं जुनं नाव आणि आधी कु. आलं. दादानं ते प्रूफ न बघता फॅमिली ग्रुपवर टाकलं. मी बघितलं, पोटात गोळा आला, काय लिहावं, कसं लिहावं, ग्रुपवर सत्तर माणसं, आत्या, चुलते, सगळे, मी टाइप करून खोडत बसले.

तेवढ्यात दाजींचा फोटो आला. प्रूफची प्रिंट काढून त्या नावाभोवती लाल पेनानं गोल केला होता, बाजूला नवीन नाव त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात, आणि खाली मेसेज, ‘नाव चुकलंय. चि. करून घ्या.’

वीस मिनिटांत नवं प्रूफ आलं.